बाईंचा वर्ग बंद करू नका

गेल्या अंकात तंबोऱ्याच्या तारांना गुंजारव देणाऱ्या जवारीविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना माझ्या सासूबाईंचा ओझरता उल्लेख झाला. गिरगावच्या चाळीत दोन खोल्यांत त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षं गाणं शिकवलं, एवढंच एक वाक्य होतं. त्यावर आलेल्या पत्रांत रागांबद्दल थोडं आणि घराबद्दल जास्त आहे. शिकवणारी बाई घर कसं चालवत होती, घरच्यांनी तिला कसं सांभाळलं, तिच्या माघारी तिच्या वस्तूंचं काय झालं. त्यांतली चार पत्रं या वेळी घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे. त्या घरात जे ठरू पाहतंय ते आम्ही करून बसलो आहोत, आणि दुसऱ्या कोणाच्या घरी ते होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: ताई, माझी आजी ८१ वर्षांची आहे. मुलुंडला राहत्या घरी ४६ वर्षं गाण्याचा वर्ग चालवते. आमच्याकडे तिच्या शब्दाबाहेर कोणी नाही. गौरींना कुठल्या भाज्या करायच्या इथपासून माझ्या भावाने नोकरी बदलावी की नाही इथपर्यंत सगळं तीच ठरवते. दोन महिन्यांपूर्वी ती बाथरूममध्ये घसरली. हाड मोडलं नाही, पण बाबा आणि काका घाबरलेत, वर्ग बंद करायचं चाललंय. हल्ली ती बंदिशीचा अंतरा मध्येच विसरते, ऐकूही कमी येतं. अजून अकरा मुलं येतात. मी सातवीपर्यंत तिच्याकडे शिकले आणि सोडलं, आता २६ वर्षांची आहे. तिचं गाणं रेकॉर्ड करून ठेवावं असं फार वाटतं, पण फोन समोर धरला की ती गप्प बसते. काय करू?
(एक नात, मुलुंड)

उत्तर: तुला अगं-तुगं करते, माझ्या मुलीपेक्षाही लहान आहेस. बाबा आणि काका घाबरलेत ते आजीवरच्या मायेपोटी, हे मला कळतं. आम्हीही मायेपोटीच केलं. २०११ साली सासूबाई पडल्या आणि आम्ही एका रविवारी बसून त्यांचा वर्ग बंद करून टाकला. मुलांच्या घरी फोन करून 'आता येऊ नका' असं सांगायचं काम माझ्याकडे आलं. नऊ फोन केले. सासूबाई आतल्या खोलीत होत्या, दार उघडं होतं. आपलं किती चुकलं ते कळायला आम्हाला आठ महिने लागले. ते सांगायचं तर आधी त्या कोण होत्या हे सांगायला हवं.

त्या मिरजेच्या. घर सतारमेकर गल्लीच्या जवळ. वाळत घातलेले भोपळे, तासून ठेवलेल्या दांड्या, तारा चढवून तासन्‌तास एकच जोड छेडत बसलेला कारागीर, हे त्यांनी गाणं शिकण्याच्या आधीपासून पाहिलेलं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा विशारदपर्यंत त्यांनी लग्नाआधीच दिल्या होत्या. १९५४ मध्ये लग्न होऊन गिरगावात आल्या तेव्हा वडिलांनी दिलेला तंबोरा बरोबर होता. मिरज-पुणे तेव्हा मीटरगेज. पुण्याला गाडी बदलताना ट्रंका हमालाकडे दिल्या, तंबोरा कोणाच्या हाती दिला नाही.

सासरी माणसं आठ, खोल्या दोन. तिसरा मजला, लाकडी जिना, गॅलरीच्या टोकाला सामाईक नळ. माझ्या आजेसासऱ्यांनी तंबोरा पाहिला आणि 'वर ठेवा' म्हणाले. तो खोळीसकट माळ्यावर गेला आणि सात वर्षं तिथेच राहिला. नळाला पहाटे साडेचारला पाणी यायचं. सगळी चाळ हंडे-बादल्या घेऊन रांगेत. धार पत्र्याच्या बादलीत पडत असायची आणि त्या आवाजाच्या आडोशाने सासूबाई तोंड मिटून खर्ज, म्हणजे खालचा सा, लावायच्या. रोज, सात वर्षं. रांगेत पुढे उभ्या असलेल्या शेजारच्या काकूंना एक दिवस तो ऐकू आला. त्यांनी मागे वळून विचारलं, 'माझ्या मुलीला शिकवशील?' साल १९६१, फी महिना तीन रुपये. काकूंचे सासरे आणि आमचे आजेसासरे संध्याकाळी चौपाटीवर बरोबर फिरायला जात, त्यामुळे नाही म्हणायची सोय उरली नाही. तंबोरा माळ्यावरून खाली आला.

माझं लग्न १९७९ चं. मी बँकेत नोकरीला होते, गाणं येत नव्हतं. जे काही आलं ते त्यांच्याजवळ बसून, मागे पेटी धरून आलं. त्या घरात मला सगळ्यात आधी नवल वाटलं ते त्यांच्या वहीचं. वही एकच. डाव्या पानावर वर्ग, उजव्या पानावर घर. १९८२ ची वही आत्ता माझ्यासमोर आहे. त्या वर्षी १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. सासरे परळच्या एका गिरणीत, ऑफिसात. संप कामगारांचा, पण गिरणीच बंद म्हटल्यावर त्यांचाही पगार थांबला, आणि ती गिरणी पुन्हा चालू झाली नाही. फेब्रुवारीतल्या एका पानावर उजवीकडे लिहिलंय: 'रॉकेल. गूळ अर्धा किलो. धाकट्याची परीक्षा फी. दूध उद्यापासून अर्धा लिटर कमी.' डावीकडे मुलींची नावं आणि प्रत्येकीपुढे एक ओळ. 'निषाद उतरतो. यमन अजून नको, महिनाभर नुसतं निरेग.' 'श्वास तुटतो, घाई करते.' 'आवाज बसलाय. घरी काही झालं का, विचारणे.' तीन नावांपुढे बारीक फुली आहे. तिचा अर्थ मी तेव्हा विचारला होता. 'त्यांचेही वडील गिरणीत आहेत,' त्या म्हणाल्या, 'फी नाही घ्यायची.' आमच्या घरी दूध कमी झालं त्याच आठवड्यातली ही गोष्ट. दोनाचे चार वर्ग केले, त्यातला एक शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी सकाळी साडेसहाला. धाकट्या दिरांची शिक्षणं त्या चार वर्गांवर झाली.

येणारे-जाणारे म्हणत, संसारापायी बाईंचं गाणं राहून गेलं. चांगल्या मनानेच म्हणत. पण त्यांना ते खपत नसे. 'राहून काय गेलं? रोज सहा तास गातेय की मी.' शिकवणं हेच त्यांचं गाणं होतं, आणि घरसुद्धा त्या त्याच कानाने चालवत. दारातून आत येताना कोणी 'आलो' म्हणालं की त्या एका शब्दावरून त्याचं ऑफिसात काही बिनसलंय हे त्यांना कळायचं. आधी पाणी पुढे यायचं, चौकशी जेवणानंतर. दिरांची लग्नं, नणंदेचं बाळंतपण, दिवाळीची खरेदी, कोणाचा अबोला कोणी मोडायचा, सगळ्याचा निवाडा त्यांच्याकडे. आम्ही सुना त्यांना वचकून होतो, हेही खरं.

२००९ मध्ये चाळ पुनर्विकासाला गेली आणि आम्ही बोरिवलीला आलो. जुनी मुलं चर्नी रोडहून लोकलने यायची, नवी सोसायटीतली. २०११ मध्ये पडल्या, उजवं मनगट मोडलं. वय ७७. मग तो रविवार.

पहिला महिना आम्हाला बरं वाटलं, कारण त्या शांत होत्या. हात बरा झाला तरी त्या शांतच राहिल्या. भाजी काय करायची विचारलं की 'करा काहीही'. धाकट्या दिराच्या मुलीचं लग्न ठरलं. याद्या पुढे ठेवल्या, तर चष्मा न लावता 'छान आहे' म्हणून परत केल्या. या बाईने तोवर आमच्या घरातली प्रत्येक यादी खोडून पुन्हा लिहिली होती. मी रात्री नवऱ्याला म्हटलं, 'आई घरात आहेत, पण घर त्यांचं राहिलं नाही.'

आठ महिन्यांनी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली, स्वतः पन्नाशीची, बरोबर दहा वर्षांची मुलगी. मुलगी दुसरीकडे शिकत होती. मी बाहेरच्या खोलीत तिला काहीतरी म्हणायला सांगितलं, तिने भूप सुरू केला. आतून आवाज आला, 'ध वर बसू नकोस, देशकार होतोय. ग कडे ये.' जाणकारांना सांगायला नको, पण तुझ्यासाठी लिहिते. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूपात वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार (ग), देशकारात धैवत (ध). ती पोर ध वर क्षणभर जास्त रेंगाळली होती. सासूबाई भिंतीला धरून बाहेर आल्या, तिच्यासमोर खुर्चीत बसल्या आणि पाऊण तास तिला फक्त ग-रे-सा करायला लावलं. कुठलं ग लांबवायचं, कुठलं नुसतं शिवून यायचं. मुलगी गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'आमटीला फोडणी कोणी दिली? मोहरी जळलीय.' मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

त्या दोघींपासून वर्ग पुन्हा सुरू झाला, दोनाचे पाच झाले, आणि २०१६ मध्ये त्या गेल्या तोवर चालू राहिला. शेवटची चार वर्षं त्या क्वचितच पूर्ण बंदिश गायल्या. चूक मात्र एकही सोडली नाही.

म्हणून तुझ्या बाबांना आणि काकांना हे पान वाचून दाखव. वर्ग बंद करू नका, लहान करा. अकरा जण एका दिवशी नकोत. तीन-तीन जण, चाळीस मिनिटं, सकाळी औषध-नाश्ता झाल्यावर. कोणाला ठेवायचं आणि कोणाला दुसऱ्या बाईंकडे पाठवायचं हे आजी ठरवेल, तुम्ही नाही. सतरंजीवर बसणं सोडून हात असलेली खुर्ची द्या. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची वायर खोलीतून आडवी गेलेली असते, ती आजच भिंतीकडेने घ्या. आमच्या सासूबाई तिलाच अडखळल्या होत्या. बाथरूममध्ये धरायला दांडा आणि खाली रबरी चटई, हे तर वर्ग असो-नसो हवंच.

अंतरा विसरण्याला 'वय झालं' म्हणून सोडू नका. डॉक्टरांना दाखवा. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, एखादं नवं औषध यांनीही विस्मरण होतं आणि त्यावर उपाय असतो. वर्गापुरतं म्हणशील तर आमचा अनुभव सांगते: विद्यार्थिनीने मुखडा दोनदा गायला की अंतरा त्यांना आपसूक यायचा. 'पुढचं सांगा ना' म्हटलं तर मात्र कधीच नाही यायचा. कानाचं यंत्र घ्याल तेव्हा श्रवणतज्ज्ञांना ती गाणं शिकवते हे आवर्जून सांगा. ही यंत्रं मुळात बोलणं स्पष्ट ऐकू यावं म्हणून जुळवलेली असतात, त्यांतून तंबोरा कधी थरथरल्यासारखा, कधी चिरका ऐकू येतो. बऱ्याच यंत्रांत संगीतासाठी वेगळी जुळणी करून मिळते. हे न सांगता यंत्र आणलंत तर ती दोन दिवसांत ते कपाटात ठेवील.

आता रेकॉर्डिंग. तू तिला गाऊन दाखव म्हणतेस म्हणून ती गप्प बसते. ८१ व्या वर्षी आपला आवाज आपल्याला पूर्वीसारखा मिळत नाही हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? तू तिचं गाणं नको, शिकवणं टिप. त्यासाठी सोपा रस्ता हा की तू पुन्हा शिकायला बस. खरंच बस, नाटक म्हणून नको. फोन शेल्फवर ठेव, तंबोऱ्यापासून जरा लांब, नाहीतर सगळं त्याच्याच गुंजारवात बुडतं. चोरून करू नकोस, आजीची परवानगी घे, मुलांच्या पालकांनाही विचार. सुरुवातीला तारीख, राग आणि ताल बोलून ठेव. प्रत्येक तासाच्या दोन प्रती, दोन ठिकाणी. ती तुला कुठे थांबवते, काय शब्द वापरते, चुकलेला स्वर दुरुस्त करण्याआधी तुला कितीदा चुकू देते, हे जपून ठेवण्यासारखं आहे. बंदिशी पुस्तकांतही मिळतात.

आणि एक काम या महिन्यातच कर. तिच्या जुन्या वह्या काढून तिच्याकडून मोठ्याने वाचून घे. आपल्याकडे स्वर लिहायच्या दोन पद्धती चालल्या, भातखंड्यांची आणि पलुस्करांची. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर बिंदू म्हणजे तार (वरचं) सप्तक, पलुस्कर पद्धतीत तोच बिंदू म्हणजे मंद्र (खालचं). सासूबाईंच्या मिरजेच्या वह्या पलुस्कर पद्धतीत, नंतरच्या भातखंडे पद्धतीत, आणि मधल्या काही वह्यांत दोन्हींची सरमिसळ. त्या गेल्यावर मी एक अख्खा अंतरा चुकीच्या सप्तकात बसवला आणि दोन वर्षं तसाच शिकवत होते. विचारायला माणूस उरलं नव्हतं.

प्रश्न: मी डोंबिवलीत घरी गाणं शिकवते, चौदा विद्यार्थी आहेत. मुलगा दहावीत, सासरे आजारी. वर्ग चालू असताना कोणी ना कोणी हाक मारतंच. फी मागायचा संकोच वाटतो. पालकांना दर वर्षी परीक्षा हवी असते. तुमच्या सासूबाई हे कसं निभावत?
(एक शिक्षिका, डोंबिवली)

उत्तर: हाकांचा बंदोबस्त त्यांनी पाटाने केला होता. वर्ग सुरू झाला की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात एक पाट आडवा उभा करायच्या. पाट असेपर्यंत हाक मारायची नाही. कुकर लावणं, दूध उतरवणं, आजेसासऱ्यांना चहा देणं हे त्यांनी मुलग्यांना आठव्या-नवव्या वर्षीच शिकवलं होतं, त्या काळात. चाळीत त्यावरून बोलणी बसली. मुलगे मात्र आज उत्तम स्वयंपाक करतात. तुमचा दहावीतला मुलगा आजोबांना औषध देऊ शकतो. त्याचा अभ्यास त्या पाच मिनिटांनी बुडत नाही.

फीसाठी शेल्फवर झाकणाचा पत्र्याचा डबा होता. एक तारखेला मुलं त्यात पाकीट टाकायची. तुम्ही डब्याऐवजी फोनवर घेत असाल, पण तारीख पक्की ठेवा. राहिली तर मुलाला कधीच विचारू नका, आईला किंवा वडिलांना बाजूला घेऊन विचारा. संकोच कशाचा? तुम्ही चार-चार तास घसा आणि कान झिजवता.

परीक्षेबाबत त्या हट्टी होत्या. पेटीचा आधार न घेता मुलाला आपला सा सापडत नाही तोवर प्रवेशिका परीक्षेचा फॉर्म भरायचा नाही. प्रारंभिकला, म्हणजे पहिल्या परीक्षेला, बसवायच्या, मुलांना हुरूप येतो म्हणून. पुढे घाई नाही. काही पालक मुलांना काढून घेऊन गेले, त्यांनी अडवलं नाही.

सगळं साधलं असं मात्र मी लिहिणार नाही. मधल्या दिराला लहानपणी टायफॉइड झाला होता, तेव्हाही संध्याकाळचा वर्ग त्यांनी सोडला नाही. शेजारच्या काकू त्याच्या उशाशी बसल्या. तो आज साठीचा आहे आणि ते विसरलेला नाही. सासूबाईंना शेवटी शेवटी त्याची टोचणी लागली होती, एकदा त्याच्यापाशी बोलल्याही. म्हणून सांगते, पाट उभा करा, पण एखाद्या दिवशी तो बाजूला करायचा असतो.

प्रश्न: माझी पत्नी गाणं शिकवते. आठ वर्षांच्या मुलीने तिच्याकडेच शिकावं की बाहेर?
(एक वडील, विलेपार्ले)

उत्तर: पहिली काही वर्षं बाहेर पाठवा, असं माझं मत. मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरीताई आमोणकर या मायलेकी गायिकांचं उदाहरण सगळे देतात. ते मोठंच आहे. अल्लादिया खाँसाहेबांकडून मिळालेली विद्या आईने लेकीला दिली, याच मुंबईत. पण किशोरीताई लहानपणी अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकल्या, हे लोक विसरतात. आमच्या घरी सासूबाईंनी नणंदेला पाचव्या वर्षापासून स्वतःच शिकवलं. वर्गातल्या मुलींना चूक दहादा समजावून सांगणारी बाई स्वतःच्या लेकीला दुसऱ्यांदा चुकू देत नसे. सोळाव्या वर्षी नणंदेने गाणं सोडलं. आजही तिचा गळा गोड आहे, आरतीत कळतं, पण ती एकटी कधी गात नाही. सासूबाईंनी हे माझ्यापाशी एकदाच काढलं. 'वर्गात मी बाई होते,' म्हणाल्या, 'तिच्याशी आई व्हायचं राहिलं.'

प्रश्न: माझ्या मावशी गोरेगावला गाणं शिकवायच्या. त्यांचा तंबोरा बारा वर्षं माळ्यावर आहे. इमारत पाडणार आहेत, नवं घर लहान आहे. विकावा, कोणाला द्यावा की शोभेला ठेवावा? तुमच्या सासूबाईंच्या तंबोऱ्याचं काय केलंत?
(एक भाचा, गोरेगाव)

उत्तर: शोभेला ठेवू नका. न वाजणारा तंबोरा भिंतीशी उभा राहून खराब होतो, आणि पावसाळ्यात मुंबईची हवा त्याला सोसत नाही.

आधी तो दोघांनी मिळून उतरवा, एकाने भोपळ्याखाली हात ठेवून. उजेडात आणा. भोपळ्याला बारीक तडा आहे का, तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) कुठे उचकटली आहे का, कीड लागली आहे का, एवढं पाहा. तारा ताणलेल्या असतील तर खुंट्या एकदम फिरवू नका, थोड्या थोड्या सैल करा. मग घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, पाहा. तारांनी तिच्यावर चऱ्या पाडलेल्या असणार. ती घासून जवारी पुन्हा काढावी लागते. ते कारागिराचं काम, आपण कानस घेऊन बसायचं नाही. मिरजेला हे करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दुरुस्तीला खर्च येईल, पण चांगल्या भोपळ्याचा जुना तंबोरा दुरुस्त झाला की नव्याला ऐकत नाही.

दुरुस्त झाल्यावर तो शिकणाऱ्या मुलीला द्या, शक्यतो मावशींच्या विद्यार्थिनींपैकी कोणाच्या हाती. त्या साधारण काळी चार-पाचमध्ये (पेटीच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून) गात असतील तर तंबोरा त्याच पट्टीला सवयीचा असेल. पुरुषाच्या पट्टीला तो उतरवला तर तारा ढिल्या पडतात आणि आवाज बसका येतो, तारा बदलाव्या लागतात. देताना कागदावर दोन ओळी लिहून द्या: कोणाचा होता, किती वर्षं वाजला.

आमचा तंबोरा त्या भूप गाणाऱ्या मुलीकडे आहे. सासूबाईंनीच तो तिला दिला, जाण्याच्या चार महिने आधी. देताना तिला पंचमाच्या तारेखालचा, जवारी जुळवायचा दोरा सरकवायला बसवलं होतं. तार छेडायची, दोरा केसभर पुढे घ्यायचा, पुन्हा छेडायची. सासूबाईंना तेव्हा फारसं ऐकू येत नव्हतं. त्यांनी तळहात भोपळ्यावर टेकवला होता आणि डोळे मिटून त्या 'अजून, अजून' म्हणत होत्या. मग एकदम हात वर करून म्हणाल्या, 'थांब. आता हात लावू नकोस.'

तुमच्या तंबोऱ्याच्या भोपळ्याला तडा दिसला तर त्याचा फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. कुठल्या भागात आहे ते पाहून तो सांधता येईल की भोपळाच बदलावा लागेल, हे पुढच्या अंकात कळवते.